हंबीररावांचं लांबलेलं शिलंगण

टेकाडवाडीच्या हंबीररावांना मोटारीतलं काय कळतं, असा प्रश्न गावात कुणी कधी विचारला नव्हता. विचारणाऱ्याला तरी काय कळत होतं? हंबीरराव लढाईवर होते, मोटार पलटणीत होते, पार इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते, आणि परत येताना एक खाकी टोपी, पिळदार मिशा आणि 'ऑलराइट' हा शब्द घेऊन आले होते. पलटणीत नेमके कुठे होते, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. (लंगरात होते. तीनशे ड्रायव्हर त्यांच्या हातचा रस्सा भुरकायचे. पण मोटार पलटणीचा स्वयंपाकीसुद्धा मोटार पलटणीतलाच माणूस, यात खोटं काय?)

सोयरीक जमवताना मात्र त्यांच्या चुलत्यांनी मेढ्याच्या, पलटणीतून पेन्शनीत आलेल्या लालासाहेब सुभेदारांना छातीठोक सांगून टाकलं, "पोरगं मोटारीचं उस्ताद हाय." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि लेक दिली. तेव्हापासून हंबीररावांना उस्ताद होणं भाग पडलं होतं. त्यांना सासऱ्यांची मनापासून भीती वाटायची. चंद्राबाईसारखी बायको आपल्याला एका थापेवर मिळाली आहे, ही गोष्ट त्यांना जेवताना, झोपताना, कुठेही आठवायची.

अशात साहेब लोकांची विलायतेला परतायची गडबड सुरू झाली. महाबळेश्वरच्या एका मडमेनं आपली जुनी चार दारी ऑस्टिन विकायला काढली आणि उस्तादानं मोटार घेतली नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून हंबीररावांनी ती घेतली. गाडी गुणाची होती. फक्त ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की वेशीवरची कुत्री घरात शिरायची.

दसरा चार दिवसांवर आला आणि सुभेदारांचं पत्र आलं : यंदा शिलंगणाला येतो, जावईबापूंची मोटार बघतो. त्यातच आप्पासो पाटलांचे गुडघे धरले. शिवेवरच्या आपट्याचं पहिलं पान तोडायचा मान पाटलांचा, आणि शीव उताराच्या तळाशी. तेव्हा पाटलांना मोटारीतून न्यायचं, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं.

"सांगलीच्या आकाराम मिस्त्रीला बोलवा की," चंद्राबाई म्हणाल्या. "लय वरडतीय ती."

"मिस्त्री? माझ्या दारात?" हंबीरराव उसळले. "तुझा बाप काय म्हणंल? ब्रेक म्हंजे काय अवघड काम हाय व्हय?"

खरं तर अवघड नाहीच. चाकाच्या आत एक लोखंडी ड्रम असतो, ड्रमच्या आत दोन अर्धगोल कमानी, कमानीवर लायनरची पट्टी. पाय दाबला की कमानी फाकतात, पट्टी ड्रमला घासते आणि गाडी थांबते. चार चाकांच्या आठ कमानी हंबीररावांनी अष्टमीच्या दिवशी सोडवल्या, ओसरीवर घोंगड्यावर ओळीनं मांडल्या आणि कपाळाला हात लावून बसले. गाडी का ओरडते, हे त्या कमानींकडे बघून त्यांना कळेना. त्या कमानींनाही त्यांच्याकडे बघून काही कळलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्याचं पोट ज्या हत्यारावर चालतं त्यानं ते पुजायचं. हंबीरराव विहिरीवरून अंघोळ करून आले, तर देवळीपुढे विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि त्यांच्या शेजारी आठही कमानी पाटावर मांडलेल्या. शेंगतेलानं लखलखत होत्या. प्रत्येकीला हळदीकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल.

"आवं, किती कोरडी पडली हुती ती पट्टी!" चंद्राबाई कौतुकानं म्हणाल्या. "दोन डाव त्याल पाजलं. लय प्याली बगा."

एखादा मिस्त्री असता तर त्यानं तिथेच कपाळ बडवून घेतलं असतं. लायनरला तेलाचा थेंब लागला की पट्टी नुसती घसरते, ब्रेकचं काम संपलं. पण हंबीररावांचा चेहरा उजळला. ओरडतंय म्हणजे कोरडं पडलंय! बैलगाडीचा आस ओरडला की आपण काय करतो? वंगण घालतो. मोट कुरकुरली की? तेल सोडतो. मग हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

"मी सांगनारच हुतो तुला," ते म्हणाले आणि राहिलेलं तेल त्यांनी स्वतःच्या हातानं चोळलं.

जोडायला दुपार गेली. ड्रममधली एक स्प्रिंग हातातून जी उडाली ती घरभर शोधूनही सापडेना. ती सापडली संध्याकाळी, सुभेदार येऊन पंगतीला बसल्यावर. त्यांनी आमटीतून ती दोन बोटांनी उचलली, शेवग्याची शेंग समजून चावून बघितली आणि मग दिव्याजवळ धरली.

"हे काय, जावईबापू?"

"आमच्या पलटनीत तशी पद्धत हुती, मामासाब. लोखंड अंगाला लागतं."

सुभेदारांनी स्प्रिंग ताटाच्या कडेला ठेवली आणि पुढची भाकरी मोडली.

सकाळी हंबीररावांनी गाडी अंगणात चार हात चालवून ब्रेक दाबला. आवाज नाही! गाडी उकिरड्याला टेकून थांबली ती ब्रेकमुळे की उकिरड्यामुळे, याची चौकशी त्यांनी केली नाही.

तिसऱ्या प्रहरी शिलंगण निघालं. पालखी आणि हलगीवाले मागून यायचे होते. पुढे मोटार. हंबीररावांशेजारी सुभेदार, मांडीवर म्यानातली तलवार. मागच्या सीटवर आप्पासो पाटील, ठेवणीतल्या फेट्यात. उतार लागला. हंबीररावांनी ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला, पण गाडी आपली मुकाट्यानं पुढेच निघाली. त्यांनी दोन्ही पाय ठेवले. गाडीनं वेग घेतला. हातब्रेक ओढला, तो थेट छातीपर्यंत आला. (हातब्रेकही त्याच कमानी ओढतो, हे उस्तादांना त्या दिवशी समजलं.)

"जावईबापू, शीव आली," सुभेदार म्हणाले.

"व्हय, मामासाब."

"आपटा त्यो बगा."

"बगितला, मामासाब."

"जावईबापू, शीव गेली."

"व्हय, मामासाब."

मागून पाटील म्हणाले, "गड्या हंबीर, यंदा शिलंगण जरा लांबच काढलंयस. पर पुढं तळवडी हाय रं!"

तळवडी म्हणजे शेजारचं गाव. दोन्ही गावांचं तीन पिढ्या कशावरून तरी जमत नव्हतं. तळवडीकर आपल्या आपट्याभोवती जमलेले, त्यांचे पाटील सयाजीराव पहिलं पान तोडायला हात वर करतायत, एवढ्यात हॉर्न आणि हंबीररावांच्या आरोळ्या ऐकू आल्या. माणसं दुतर्फा पांगली. गाडी आपट्याला चाटून गेली, एक फांदी खिडकीतून आत आली, आप्पासोंनी जिवाच्या भीतीनं ती धरली आणि गाडी फांदीसकट पलीकडच्या उसात घुसली. दहा-बारा सऱ्या आडव्या करून ती थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. पण आप्पासोंच्या मुठीत तळवडीचं सोनं होतं, आणि तळवडी काठ्या घेऊन उसात शिरत होती.

"आमच्या सोन्याला हात घालतायसा? मान आमचा हाय!" सयाजीराव गरजले. मागून टेकाडवाडीही धावत उतार उतरू लागली होती. तिनं पालखी जमिनीवर ठेवली होती, हातातल्या काठ्या नव्हत्या ठेवल्या.

सुभेदार शांतपणे खाली उतरले. पुढच्या चाकातून धूर येत होता. त्यांनी वाकून वास घेतला. शेंगतेल आणि हळद.

"जावईबापू," ते सावकाश म्हणाले, "फोडणी करपली तुमची."

सगळे हंबीररावांकडे बघू लागले. आता दोनच वाटा होत्या. गप्प बसावं तर दोन गावांत डोकी फुटणार, आणि खरं सांगावं तर सासऱ्यांसमोर उस्तादी संपणार. चंद्राबाईही पदर खोचून धावत आल्या होत्या. हंबीररावांनी बायकोकडे बघितलं आणि त्यांना रडूच यायला लागलं.

"पाटलांनी काय बी लुटलं न्हाई," ते ओरडले. "गाडी थांबली न्हाई! ब्रेकला त्याल लावलं मी! मला ब्रेक कळत न्हाई, मोटार कळत न्हाई! मी पलटनीत लंगरात हुतो, रस्सा करत हुतो!"

मग सयाजीरावच आधी हसले, आणि हसता हसता त्यांची काठी खाली पडली. ते हसले म्हटल्यावर टेकाडवाडीला मागे राहणं शक्य नव्हतं.

"मला ठावं हुतं," सुभेदार म्हणाले. "बसऱ्याला तुमच्या हातचं जेवलोय मी दोन डाव. तोंड ध्येनात नव्हतं, पर लगीन झाल्यावर तुमी पयल्यांदा मटान केलंत, तवाच वळखलं."

"मग बोलला का न्हाई, मामासाब?"

"रस्सा लय फक्कड हुता. म्हटलं, लेक उपाशी ऱ्हायाची न्हाई."

आप्पासोंनी फांदी सयाजीरावांना परत दिली. आडव्या उसाचा दंड म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांना हंबीररावांनी रस्सा करून घालायचा, असं ठरलं. तीन पिढ्यांनंतर दोन्ही गावं एका पंगतीला बसली, आणि तिसऱ्यांदा वाढून घेताना भांडण कशावरून होतं ते कुणाला आठवेना. गाडी आकाराम मिस्त्रीनं बैल लावून सांगलीला नेली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मेढ्याहून सुभेदारांचं एक लांबट पुडकं आलं, लाल फडक्यात तलवारीसारखं गुंडाळलेलं. आत रस्सा ढवळायचा, हातभर दांड्याचा लोखंडी पळा होता. चंद्राबाईंनी तो पाटावर मधोमध ठेवला, विळे-खुरपी बाजूला सारली आणि तेलाची वाटी हातात घेऊन थबकल्या.

"आवं, ह्याला त्याल लावलं तर चालंल न्हवं?"

हंबीररावांनी मिशीला पीळ दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एका हत्याराबद्दल खात्रीनं सांगता येत होतं.

"लाव," ते म्हणाले. "ह्याला चालतं."