वानखडे काका आणि माझ्या गाडीचा धूर

सकाळी साडेनऊला मी गाडी सुरू केली की वानखडे काका लुंगी सावरत तिच्या मागे उकिडवे बसत आणि सायलेन्सरजवळ नाक नेत. दोनदा हुंगायचं, एकदा शिंकायचं, मग निकाल द्यायचा: "हव, तब्येत बरी आहे."

रायपूर राजधानी झालं तशी माझी इथल्या कचेरीत बदली झाली, आणि शंकर नगरच्या या कॉलनीत घर मिळालं. आजूबाजूला सगळे साहेब. समोरच्या गॅलरीतल्या बाई तर चहाचा कप घेऊनच हा तमाशा बघायला उभ्या राहत. लाज वाटायची हो! पण काकांना कोण सांगणार?

काका रेल्वेच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. स्वतःकडे साधी सायकल नाही. तळमजल्यावर ते आणि काकू, दोघंच. काकूंना दमा. त्यांची खाट खिडकीशी, आणि खिडकीबाहेर तीन हातांवर माझी गाडी. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला सबब राहणार नाही.

एके दिवशी काका उठले ते तोंड वाकडं करूनच. "साहेब, सडेल अंड्याचा वास येऊन राहिला. गेला तुमचा कन्व्हर्टर!"

कन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या पोटाखालचा डबा. इंजिनाचा विषारी धूर त्यात साफ होऊन बाहेर पडतो. काकांनी घरातून रबरी हातोडी आणली आणि डबा ठोकला. आत खुळखुळ वाजलं.

"आयकलं? आतली जाळी फुटली. पण थांबा. पहिले बिमारी, मंग दवाई. फुटली काहून?"

बॉनेट उघडून त्यांनी चालू इंजिनातल्या एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी काढली तरी इंजिनाच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. काकांना चोर सापडल्याचा आनंद झाला.

"हा पाहा चोट्टा! हा जळतच नाही. कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन पेटते. पहिले प्लग बदला, मंग नवा डबा बसवा. नुसता डबा बदलाल तं तोही जाईन."

मी हो हो म्हटलं आणि काहीच केलं नाही. पुढे गाडी चढावर धापा टाकायला लागली, तेव्हा कुणीतरी बीरगांवच्या एका मेकॅनिकचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "भैया, नया काहे को? डब्बा अंदर से खाली कर देता हूँ. गाड़ी उड़ेगी." त्यानं प्लग बदलला, डब्यात सळई घालून जाळीचा चुरा काढला आणि रिकामा डबा होता तिथे बसवला. गाडी खरंच उडायला लागली.

"नवीन बसवला," दुसऱ्या दिवशी मी काकांना तोंड वर करून सांगितलं.

काकांनी वाकून डब्यावर बोटानं टकटक केलं. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावा इतका पोकळ आवाज आला. मग त्यांनी हुंगलं. डोळ्यांत चर्रकन पाणी आलं त्यांच्या.

"बरं केलं," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून हुंगणं बंद झालं. काका नुसते येऊन बाजूला उभे राहत, इकडचं तिकडचं बोलत. गॅलरीतल्या बाई आत गेल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी बायकोनं काकूंसाठी कोथिंबिरीची सांबारवडी देऊन मला खाली पाठवलं. खाट खिडकीशी नव्हती. ती स्वयंपाकघरात, शेगडीला खेटून टाकलेली होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, छाती नुसती भात्यासारखी हलत होती. खिडकीच्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या होत्या.

"हे काय काकू?"

"धूळ ना जी," काकू थांबत थांबत म्हणाल्या. "राजधानी बनून राहिली तं साऱ्या सडका खोदून ठेवल्या. हे म्हंतात, साल दोन साल सोसा लागते."

मी काकांकडे पाहिलं. ते सांबारवडीवर ताटली झाकण्यात गुंतले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात आल्यावर कसाबसा म्हणालो, "काका, तो डबा रिकामा आहे. मी खोटं बोललो."

"मालूम आहे मले."

"मग बोलले काहून नाही? चार शिव्या घालायच्या होत्या ना!"

काकांनी खुंटीवरचा सदरा काढला. "चाला, पहिले नवा बसवू."

बसवला. मी रजा टाकली आणि काकांनी गॅरेजवाल्याला दिवसभर हैराण केलं. चारही प्लग काढून दाखवायला लावले, जोडाजोडांवरून हात फिरवून गळती तपासली, शेवटी सायलेन्सरजवळ नाक नेऊन मान डोलावली.

परत येताना मी पुन्हा तेच विचारलं. काका समोरच्या काचेतून रस्ता पाहतच बोलले.

"तिले तरास झाला, ती चूक माझीच. पण बोललो असतो तं तुमाले लाज वाटली असती. मंग तुमी दुसरीकडे गाडी लावली असती. शेड सुटल्यापासून माझ्यासंग कोणी दहा मिनिटं उभं राहत नाही, साहेब. एक तुमी राहता, रोज."

गाडी जुनी आहे. इंजिन दहा मिनिटं गरम झाल्याशिवाय ती जागची हलत नाही, म्हणून मी उभा राहत होतो. हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि काकांचा चेहरा पाहून मिटलं.