वायरविरहिततेसाठी तीस गुण

बहिःस्थ परीक्षकांनी बटण दाबले आणि चौथ्या टेबलावर काहीही झाले नाही.

अशा शांततेचा पहिला सेकंद यंत्राचा असतो, दुसरा विद्यार्थ्याचा. तिसऱ्यापासून पुढची सगळी शांतता संस्थेच्या मालकीची होते. आमच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत ती पाच-सहा सेकंद साचून राहिली. मग नवव्या टेबलावरचा पंखा फिरू लागला. नवव्या टेबलाला कुणी हात लावलेला नव्हता.

"झालं की सुरू," प्रकल्प-समन्वयक या नात्याने मी म्हणालो.

"पण पंखा यांचा आहे का?" परीक्षकांनी विचारले.

"पंखा विभागाचा आहे, सर."

परीक्षकांनी क्षणभर विचार केला आणि गुण लिहिले.

दोन वस्तूंमधले नाते उघड दिसू लागले की ते जुने झाले असे समजावे, हे आधुनिक काळाचे पहिले सूत्र आहे. आमच्या विभागाने ते तीन वर्षांपूर्वी अंगीकारले. तोवर अंतिम वर्षाच्या प्रकल्पात एका टोकाला बटणांची पेटी असे, दुसऱ्या टोकाला पंखा, दिवा किंवा तत्सम आज्ञाधारक वस्तू असे आणि मध्ये सिरियल केबल असे. एका यंत्राचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत एकामागून एक पोचवणे एवढेच तिचे काम. ते ती निमूटपणे करी. तिच्यात लपवण्यासारखे काही नव्हते. आणि ज्यात लपवण्यासारखे काही नाही त्याला आमच्याकडे संशोधन म्हणत नाहीत.

म्हणून परिपत्रक निघाले. यापुढे केबल नाही. तिच्या जागी काडेपेटीहून लहान अशा वायरलेस मॉड्यूलांची जोडी. शंभर गुणांची विभागणी अशी: वायरविरहितता तीस (यात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे बंधनकारक), अहवालाची बांधणी पंचवीस (मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरे असल्यास सहानुभूतीने विचार व्हावा), सादरीकरण वीस, हजेरी व वर्तन पंधरा, सामाजिक उपयुक्तता पाच, प्रकल्प चालणे पाच. मूळ मसुद्यात 'प्रकल्प चालणे' यास दहा गुण होते. परंतु त्यामुळे निकाल खाली येतो असे निदर्शनास आल्याने ते निम्मे करण्यात आले.

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा झाला. यंदा तेवीस प्रकल्पांपैकी बावीस वायरलेस होते. त्यांच्या दोन टोकांमधले सरासरी अंतर अडतीस सेंटिमीटर. सर्वांत लांबचा पल्ला एकशे दहा सेंटिमीटरांचा (त्या गटाच्या टेबलाचा पाय मोडल्याने अर्धा प्रकल्प स्टुलावर ठेवावा लागला होता). केबल गेल्यावर दोन्ही टोकांना स्वतंत्र वीज द्यावी लागते, म्हणून प्रत्येक काढलेल्या वायरीमागे दोन चार्जर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड आला. प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्या वायरींत सकाळपासून तीनदा अडखळले. मात्र या वायरी निरोपाच्या नसून विजेच्या असल्याने त्यांची गणना वायरींत करता येत नाही.

परिपत्रकाचे सहावे कलम मी स्वतः लिहिले आहे, म्हणून त्याविषयी जरा अभिमानाने सांगतो. ही मॉड्यूले कारखान्यातून येतात तेव्हा त्या सर्वांचे नाव एकच असते आणि गुप्त क्रमांकही एकच. काही विद्यार्थी ते बदलू पाहत. त्यातून आपपरभाव निर्माण होतो. सबब, एकरूपतेसाठी नाव व क्रमांक मूळचेच ठेवावेत, असे ते कलम आहे. गुप्त क्रमांक कुणी विसरू नये म्हणून फळ्यावर लिहून ठेवला आहे (गुप्त असल्याने त्याखाली दोन रेघा).

तेव्हा परीक्षेच्या दिवशी काय झाले असेल हे सुज्ञांस सांगणे न लगे. बावीस पेट्या एकाच नावाने हाका मारीत होत्या आणि बावीस वस्तू त्याच नावाला ओ देत होत्या. जो आधी भेटला तो आपला. चौथ्या टेबलावरून नवव्याचा पंखा लागला, नवव्यावरून पंधराव्याचा दिवा, पंधराव्यावरून दुसऱ्याची पाण्याची मोटर, आणि दुसरे टेबल कुणाचे काय चालवीत होते ते शेवटपर्यंत कळले नाही, कारण ती वस्तू कदाचित खालच्या मजल्यावर होती. मनुष्यजातीलाही आयुष्यभर याहून वेगळे काही साधलेले नाही. परंतु तिला त्याचे गुण मिळत नाहीत.

परीक्षक समंजस गृहस्थ होते. चौथ्या टेबलानंतर ते बटण दाबून समोर पाहीनात, हॉलभर पाहू लागले. अकराव्यानंतर टेबलाकडे पाठ करूनच बटण दाबू लागले. हॉलमध्ये कुठेही काहीही हलले, लागले, विझले किंवा किंचाळले तर प्रकल्प यशस्वी मानावा, असे आमचे न बोलता ठरले. फलनिष्पत्ती झालीच होती. फक्त तिचा पत्ता वेगळा होता.

असे करीत आम्ही तेविसाव्या टेबलाशी आलो. तिथे केबल होती.

ती मुलगी वर्गात 'काकू' म्हणून ओळखली जाई. वय एकवीस, पण चार वर्षे ती रोज चारच्या ठोक्याला घरी पळत असे, सहलीला येत नसे आणि पिशवीत नेहमी औषधांची चिठ्ठी असे, म्हणून मुलांनी तिला बढती दिली होती. तिच्या हातात नोकरीचे पत्र होते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला निकालासह हजर राहायचे. विभागप्रमुखांनी आदल्या दिवशी तिला बोलावून माणुसकीचा सल्लाही दिला होता. एक मॉड्यूल घे आणि केबलच्या शेजारी नुसते ठेव.

"जोडू नको का, सर?"

"जोडतेस कशाला? ठेव."

"मग कशानं वाजलं म्हणून सांगू?"

"अगं, विचारतंय कोण?"

तिने ठेवले नव्हते. टेबलावर खाटेच्या गादीखाली सरकवायची एक चपटी पट्टी होती, एक भोंगा होता आणि दोहोंमध्ये बारा मीटर केबलचे वेटोळे. केबल भिंतीला ठोकायच्या क्लिपांना अजून चुना चिकटलेला होता. शेवटचे दोन मीटर तेलकट होते, फोडणीच्या धुराने तांबूस झालेले. घरच्या भिंतीवरून ती सकाळीच उपटून आणली असावी. एखाद्या घराचा कणा काढून टेबलावर ठेवावा तशी ती पडली होती. (अहवालाला सोनेरी अक्षरे नव्हती.)

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारले.

"केबल, सर."

"ते दिसतंय. का आहे?"

"बाबांसाठी, सर. त्यांना अर्धांगवायू झालाय, हाक मारता येत नाही. खाटेच्या कडेला सरकले की स्वयंपाकघरात वाजतं, मग आई धावते."

"वायरलेसनं वाजलं नसतं?"

"वाजलं असतं, सर. बहुतेक वेळा."

मागे कुणीतरी फसकन हसले. परीक्षकांनी चष्मा काढला.

"करून पाहिलंत?"

"हो, सर. दीड महिना. चार वेळा कनेक्शन तुटलं. तीनदा बाबा झोपलेले होते."

"आणि चौथ्यांदा?"

"कपाळाला पाच टाके."

परीक्षकांनी पट्टीवर तळवा टेकला आणि कडेकडे सरकवला. भोंगा वाजला. पुन्हा सरकवला, पुन्हा वाजला. त्यांनी अकरा वेळा सरकवला आणि तो अकरा वेळा वाजला, तोही त्याच टेबलावर. एव्हाना हॉलला याची सवय राहिली नव्हती. दोन-तीन विद्यार्थी दचकून आपापल्या यंत्रांकडे पाहू लागले.

"सर, सकाळधरनं हे एकच ज्याचं त्याच्याकडे वाजतंय," मामा दारातून म्हणाले.

"मामा, तुम्ही चहाचं बघा," मी म्हणालो.

गुणांची अडचण खरी होती. चालण्याचे पाच तिला द्यावेच लागत होते. सामाजिक उपयुक्ततेचेही पाच (हे गुण इतरांना आम्ही पंख्याबद्दल दिले होते). परंतु वायरविरहिततेच्या तीसपैकी बारा मिळाल्याशिवाय उत्तीर्ण करता येत नाही, आणि बारा मीटर केबल टेबलावर असताना विद्यार्थिनी चाळीस टक्के वायरविरहित आहे असे लिहिणे मला प्रशस्त वाटेना. शून्य दिले तर वर्ष जाते आणि वर्षाबरोबर नोकरीचे पत्र. परीक्षकांनी तो रकाना सोडून पेनला टोपण लावले. मग म्हणाले, "एवढी ओळ शेवटी भरू." गुणपत्रिका पाच वाजता बंद होते. चार वाजून दहा मिनिटे झाली होती आणि काकू पहिल्यांदाच चारनंतर कॉलेजात होती.

विद्यार्थी पांगले. ती केबल गुंडाळू लागली, कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये, बायका लोकर गुंडाळतात तशी. तेवढ्यात मामा चहाचा ट्रे तिच्या टेबलावर टेकवून हळूच म्हणाले, "पोरी, आमच्या म्हातारीला असलं एक जमेल का गं? ती पण सरकत जाते." ती म्हणाली, जमेल. नाव लिहून घ्यायला तिने वहीचे मागचे पान उघडले. नंतर विभागप्रमुखांनी तिला आपल्या सासऱ्यांसाठी विचारले. त्यांचे घर दुमजली आहे, त्यामुळे केबल वीस मीटर लागेल. मग मी विचारले. माझ्या थोरल्या बहिणीला झटके येतात. पण ते इथे अप्रस्तुत आहे. यादीत 'प्रकार' असा एक रकाना तिने आखला होता, आणि आम्हा तिघांपुढे एकच शब्द होता. सहाव्या कलमाच्या लेखकापुढेही.

वाचकांपैकी काहींच्या डोळ्यांपुढे आत्ता एक खोली उभी राहिली असेल. एक खाट, तिच्यावरचे एक जिवलग माणूस, आणि मध्ये एक बंद दार. त्यांनी संकोच करू नये. तुमच्यासाठी चौथी ओळ मोकळी ठेवली आहे. 'प्रकार' या रकान्यात काय लिहायचे हे तुम्हाला विचारण्याची गरज आम्हाला वाटली नाही. ते आम्ही भरून टाकले आहे. चारचौघांत मात्र आपण नव्या युगाचे आहोत असेच सांगत जावे. आम्ही तसेच सांगतो.

पावणेपाचला परीक्षक उठले. गुणपत्रिका काखेत होती आणि तिच्यातली एक ओळ अजून कोरी होती. ते तेविसाव्या टेबलाशी जाऊन उभे राहिले, खिडकीबाहेर पाहिल्यासारखे करून.

"हे... आणखी एक करता येईल का? आईसाठी. दोनदा पडली ती."

"येईल, सर. वायरलेस करू की वायरचं?"

परीक्षकांनी मागे वळून हॉल पाहिला. बावीस टेबलांवर बावीस यंत्रे होती. त्यांतला एक पंखा कुणाच्याही आज्ञेवाचून फिरत होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"वायरचंच करा."

तिने वहीत लिहिले. पेन खाली न ठेवता वर पाहिले.

"मग तीसपैकी मला किती, सर?"

परीक्षकांनी चष्मा खिशात ठेवला, गुणपत्रिका दुसऱ्या काखेत घेतली, आणि टेबलांमधल्या एक्स्टेंशन बोर्डांवरून जपून पाय टाकत ते जिन्याकडे निघून गेले.