रेषेच्या आधी ब्रेक नाही

"फोटोपुरतंच आहे हं," आफ्रानं नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. "घसरगाडीचा दांडा धरायचा, हसायचं आणि घरी यायचं. गुडघा बदलून वर्ष झालं नाही अजून."

क्विरिननं मान डोलावली. पण हसायचं होतं लोरेंझशेजारी, आणि तेच त्याला जड जात होतं. छत्तीस वर्षांपूर्वी दोघांनी ऑलिम्पिकच्या बर्फावर बॉब, म्हणजे दोघांची घसरगाडी, पळवली होती. लोरेंझ पुढे सुकाणूवर, क्विरिन मागे ब्रेकवर. पदक दोन शतांश सेकंदांनी हुकलं. गावात परतल्यावर लोरेंझनं सांगितलं, "क्विरिनचा हात ब्रेकला लागला." तेव्हापासून बोलणं बंद. क्विरिन चर्चला जरा उशिरा पोचला, तरी लोक म्हणत, "ब्रेक लागला वाटतं."

बिचाऱ्याला उलटून बोलताही येईना. ब्रेकवाला मान गुडघ्यांत घालून बसतो, रस्ता बघायचा तो पुढच्यानं. शेवटची रेषा ओलांडली की पुढचा ओरडतो, तेव्हाच मागचा ब्रेक ओढतो. क्विरिनला ऑलिम्पिकचं आठवे ते एवढंच, लोरेंझची पाठ आणि तिच्यावर त्याच्या आईनं तिरकं शिवलेलं ठिगळ. ते ठिगळ त्याला अजून स्वप्नात दिसे, आणि जागा झाल्यावर उगाच उदास वाटे.

त्यांची जुनी बॉब एरवी खानावळीसमोर असे. उन्हाळ्यात तिच्यात जिरेनियम फुलत. यंदा फाशिंगच्या, म्हणजे हिवाळी कार्निव्हलच्या, मिरवणुकीसाठी अग्निशमनवाल्यांनी माती काढली, आणि छान दिसावं म्हणून खालच्या पोलादी पट्ट्याही चकचकीत घासल्या. मग ती चर्चच्या उतारावर, घट्ट बसलेल्या बर्फावर आणून ठेवली.

"खरंच धावताय असं वाटू दे," फोटोवाली म्हणाली. "एक, दोन..."

तिला तीन म्हणायची वेळ आलीच नाही. दोन म्हाताऱ्यांचे चार पाय आपोआप धावायला लागले, बॉब हलली, लोरेंझ उडी मारून आत बसला आणि मागोमाग क्विरिनही. आफ्राची हाक त्याच्या कानावर पडली खरी, पण तोवर त्याची मान खाली गेली होती.

बेकरी गेली, पोस्ट गेलं, बँडवाले ढोलासकट बाजूला झाले. क्विरिनला यातलं काहीच दिसलं नाही. समोर पाठ होती, थोडी रुंद झालेली, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगात बॉब थांबली.

"ब्रेक का नाही ओढलास?" लोरेंझनं टोपीतलं गवत काढत विचारलं. छत्तीस वर्षांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"रेषा कुठं आली? तू ओरडला नाहीस. रेषेच्या आधी ब्रेक मी जन्मात ओढला नाही."

लोरेंझनं टोपी परत डोक्यावर ओढली. "ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "अकराव्या वळणावर मीच बॉब भिंतीला घासली. तुझी मान खाली होती. कोणाला कळणार होतं?"

हाणावी एक, असं क्विरिनला वाटलं. पण हात शेणात अडकलेले. "गावाला सांग," तो एवढंच म्हणाला.

तोवर गाव धावत आलंच होतं. लोरेंझ ढिगावरच उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तेव्हा चूक माझी होती. यानं ब्रेकला बोटही लावलं नव्हतं."

खानावळवाल्यानं डोळे पुसले. "बघा, याला म्हणतात मन. मित्राची चूक अंगावर घेतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आफ्रासुद्धा म्हणाली, "शीक जरा त्याच्याकडून. आणि तू इतकी वर्षं अबोला धरून बसलास."

लोरेंझ रडकुंडीला आला. "अरे, खरंच सांगतोय मी."

"राहू दे," क्विरिन म्हणाला, आणि त्याला इतकं हसू फुटलं की गुडघा दुखायला लागला. "तुला ठाऊक आहे ना, मग झालं. चल, वर न्यायची आहे ही. तू पुढून ओढ, मी मागून ढकलतो."

दोघं चढाला लागले. क्विरिननं थोडी मान वर करून पाहिलं. लोरेंझच्या कोटावर शेणाचा मोठा डाग होता, अगदी ठिगळाच्याच जागी. त्यानं तो पुसायला सांगितलं नाही.