बारा व्होल्टचं आकाश

"बारा व्होल्ट! अहो, बारा व्होल्टने माणसाला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत!" असं तरंगराव त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटले होते. पडद्याचं माप द्यायला आलेल्या बाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि पोस्टमनने तर बिचाऱ्याने काही विचारलंही नव्हतं.

तरंगराव पडदे शिवायचे. पाळण्यातलं नाव वेगळं होतं. पण हातात कात्री घेऊन छताकडे बघत बसायची सवय पाहून लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की शेवटी दुकानाच्या पाटीवरही तेच रंगवून घेतलं. दुसऱ्यांच्या खिडक्यांवर ढग आणि लाटा लटकवण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतःच्या घरात मात्र स्वप्न बघायला एकच जागा होती, ती म्हणजे बाथरूममधला टब.

हा टब आधीच्या मालकाने घराबरोबर सोडून दिला होता. चांगला ऐसपैस, पांढराशुभ्र! बाथरूमला खिडकी नव्हती, त्यामुळे दिवा घालवला की भरदुपारीही आत गुडुप्प काळोख. तरंगराव दारात उभे राहून त्या काळोखाकडे बघायचे आणि त्यांना तिथे तळं दिसायचं, तळ्यावर रात्र दिसायची, रात्रीत आपण दोघं अलगद तरंगतोय असं दिसायचं. बायकोला तिथे वॉशिंग मशीन दिसायचं. सध्या टबात दोन बादल्या, धुण्याचा ढीग आणि पडद्यांचे तुकडे होते.

बायको हॉस्पिटलात नर्स होती. सगळं जग तिला सिस्टर म्हणायचं, चुकून कधीतरी तरंगरावही. वॉर्डात दिवसभर बेल वाजे. या खाटेवर पाणी द्या, त्या खाटेवरची उशी नीट करा! घरी येऊन ती पाय वर घेऊन बसते न बसते, तेवढ्यात शेजारच्या घरची बेल वाजली तरी "आले, आले!" म्हणत उठायची. झोपेतसुद्धा! तरंगरावांना ते बघवायचं नाही. बायकोवर त्यांचा फार जीव होता, फक्त तो पडद्यांच्या भाषेत व्यक्त व्हायचा आणि घरात आता टांगायला खिडकी उरली नव्हती.

"शनिवारी दुपारी प्लंबर येतोय," एक दिवस तिने जाहीर केलं. "टब काढून नेईल."

"अगं, एकदा त्यात पडून तर बघ!"

"मला पडायला वेळ आहे का?"

"आणि समजा, आवडलं तर?"

"आवडलं तर राहील टब. पण शनिवारच्या आत आवडवून दाखवा!"

झालं! तरंगरावांनी त्याच दिवशी साडूला फोन लावला. साडू म्हणजे सिस्टरच्या धाकट्या बहिणीचे यजमान. धंद्याने इलेक्ट्रिशियन, स्वभावाने त्याहून जास्त. घरातला बल्ब बदलायचा तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधी सावध करून येणारा माणूस!

"टबाच्या वर तारे लावायचेत," तरंगराव म्हणाले.

"पाण्याजवळ?" पलीकडून आवंढा गिळल्याचा आवाज आला. "मग नीट ऐका. दिवे बारा व्होल्टचेच घ्यायचे आणि पक्के सीलबंद, आत थेंब शिरता कामा नये. घरातली वीज कमी करून बारा व्होल्ट देणारा जो डबा असतो, तो बाथरूमच्या बाहेर! आंघोळ करणाऱ्याचा हात पोचता कामा नये. कळलं?"

"कळलं! बारा व्होल्ट, सीलबंद, डबा बाहेर."

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. योग्य तो डबा मी घेऊन येतो, शनिवारी संध्याकाळी."

संध्याकाळी! आणि प्लंबर दुपारी! तरंगरावांनी सगळ्यात महत्त्वाचं ते सोडून बाकी सगळं पाळायचं ठरवलं.

शनिवारी सिस्टर ड्यूटीवर गेल्याबरोबर ते कामाला लागले. बादल्या हलवल्या, टब घासून लखलखीत केला. सीलबंद दिव्यांची माळ छतावर चिकटवली. सप्तर्षी काढायला गेले, ते आठ झाले. असू दे, जागा होती! वायर दाराच्या वरच्या फटीतून बाहेर काढली. आता प्रश्न डब्याचा. आणि तरंगरावांची नजर बाथरूमच्या दारावरच्या भिंतीकडे गेली. तिथे घराच्या मुख्य दाराची बेल होती आणि तिच्याशेजारी एक धुळकट डबा. त्यांनी फुंकर मारली. डब्यावर लिहिलं होतं, बारा व्होल्ट!

तरंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा व्होल्ट, बाथरूमच्या बाहेर, हात पोचणार नाही अशा उंचीवर! साडूने सांगितलेला डबा इतकी वर्षं त्यांची वाट बघत घरातच बसला होता. त्यांनी मेन स्विच बंद केला, रबरी चपला घातल्या, लाकडी स्टुलावर चढले आणि बेलमध्ये शिरणाऱ्या दोन वायरींना ताऱ्यांच्या दोन वायरी जोडून टाकल्या. मेन चालू केला, बाथरूममध्ये धावले.

काळोख. एकही तारा नाही!

बेलमधली वीज कुणी बटण दाबलं तरच येते, हे कुठल्याही शाळकरी मुलाने सांगितलं असतं. पण तरंगराव त्या वेळी शाळेच्या खिडकीबाहेर बघत असणार. फसवलं त्या दिवेवाल्या दुकानदाराने, असं म्हणत त्यांनी उशी आणली आणि खिन्न होऊन कोरड्या टबात आडवे झाले. गेला टब! आता इथे मशीन घरघरणार आणि सिस्टर उभ्याउभ्याच म्हातारी होणार. त्यांना फार वाईट वाटलं.

इतक्यात बाहेर टर्रर्र झालं आणि आकाश उजळलं!

किती सुंदर होतं ते! छत जणू उचलून कुणी लांब ठेवलं होतं. तारे मिणमिणत होते, अगदी खऱ्यासारखे. पांढऱ्या टबाच्या कडांवर चांदणं सांडलं होतं. तरंगरावांना वाटलं, आपण हळूहळू काठापासून सुटतोय. मधेच आकाश मालवलं, त्यांचा जीव कासावीस झाला. पुन्हा टर्रर्र, पुन्हा तारे! दारात कुणीतरी बेल वाजवतंय, कटकट आहे नुसती, इतकंच त्यांना अंधुक कळलं आणि त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. बाहेर प्लंबर चिडत गेला, बेल लांबत गेली, तशी रात्र आणखीच रंगत गेली.

शेवटी दारावर धपाधप बुक्के बसले. तरंगरावांनी दार उघडलं.

"अहो, बहिरे आहात का?" प्लंबर ओरडला.

"तारे लागले! या, बघा!" त्यांनी त्याला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं. आत काळोख. "आत्ता तर होते! तुम्ही बाहेर होता तेव्हा होते. असं करा ना, तुम्ही जरा परत बाहेर जा."

"मी टब काढायला आलोय!"

"काढा हो, पण आधी बाहेर जा. मघाशी उभे होता तसेच उभे राहा. तुमचाच पायगुण आहे!"

प्लंबर धुसफुसत बाहेर गेला आणि रागाने त्याने बेल दाबली. तारे! सोडली. काळोख! असं चार-सहा वेळा झाल्यावर एकदाचा तरंगरावांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ धडकीही भरली. बेल! ज्या आवाजाने सिस्टर झोपेतून उठते, तोच आवाज तिच्या डोक्यावर सतत वाजत ठेवायचा? स्वप्नाची अशी चेष्टा नको होती.

पण पडदेवाला हार मानतो होय? दुकानातून उरलेलं जाड मखमली कापड त्यांनी काढलं आणि बेलला पट्टीवर पट्टी गुंडाळून तिचं गाठोडं केलं. आता बटण दाबलं, की आतून फक्त गुंऽऽ ऐकू येत होतं. अंगाईसारखं!

"दाबून धरा बरं! मी हाक मारेपर्यंत सोडू नका."

"आणि टब?"

"तो मालकीणबाई ठरवतील. त्यांना आवडेल का, तेवढं मला पडून बघू द्या."

प्लंबरने खांदे उडवले आणि उंबऱ्यात उभं राहून बोट बटणावर टेकवलं. तरंगराव टबात पहुडले. वर आठ सप्तर्षी, कानांत ते मऊ गुंऽऽ. जरा वेळाने टबाची नाव झाली. सिस्टर समोर बसली होती, पाय पाण्यात सोडून, आणि तिला कुणीही हाक मारत नव्हतं. ती हसत होती. तरंगराव गाढ झोपले.

सिस्टर घरी आली तेव्हा दार सताड उघडं आणि एक अनोळखी माणूस बेल दाबून उभा.

"कोण हवंय तुम्हाला?"

"मी प्लंबर. साहेबांनी सांगितलंय, बेल सोडायची नाही."

"साहेब कुठेत?"

"टबात. वर वायरी जोडल्यात. मघापासून हाका मारतोय, ओ देत नाहीत."

सिस्टरच्या हातातली पिशवी गळून पडली. ती आत धावली. दारावर वायरी लोंबत होत्या, कसलंसं गाठोडं घुमत होतं, आणि टबात नवरा निपचित! तोंड उघडं, चेहऱ्यावर थरथरता उजेड. पण ती नर्स होती. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिने पळत जाऊन मेन खाली ओढला. मग कोपऱ्यातला पडद्याचा लाकडी दांडा उचलला आणि त्या मिट्ट काळोखात नवऱ्याला सगळ्या शक्तीने ढोसलं.

"अगं, वल्हं नीट धर! नाव बुडेल!" टबातून आवाज आला.

सिस्टरच्या हातातून दांडा सुटला. दुसऱ्या क्षणी ती रडत होती. वॉर्डात इतकं पाहिलेली बाई, हमसून हमसून रडत होती.

"मला वाटलं, गेलात तुम्ही! अहो, मी काय करणार होते एकटी?"

"अगं, पाण्याचा थेंबसुद्धा नाही यात," तरंगराव चाचरत म्हणाले. "तुला जरा बरं वाटावं म्हणून..."

"गप्प बसा!"

तरंगराव बाजूला सरकले आणि ती डोळे पुसत टबातच बसली, नर्सच्या कपड्यांत. डोकं मागे उशीवर टेकलं. घरातली सगळी वीज बंद, त्यामुळे फ्रिजची घरघर नाही, बेल नाही, काही नाही. "किती शांत आहे हो इथे," ती पुटपुटली आणि पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा श्वास संथ झाला.

प्लंबर पाना-पक्कड घेऊन दारात आला. "काढायचा का टब?"

"श्श! माणूस झोपलंय त्यात!"

प्लंबर निघून गेला. संध्याकाळी साडू आले आणि त्या लोंबत्या वायरी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण सिस्टर झोपलेली! मग बिचाऱ्यांना जन्मातला सगळ्यात मोठा आरडाओरडा कुजबुजत करावा लागला.

"हा डबा बेलचा आहे हो! पाण्याच्या वर लावायचा नव्हे! कधीकाळचा जुना! आतलं आवरण गेलं की घरातली अख्खी वीज सरळ त्या दिव्यांत! मग काय बारा आणि काय बारा हजार! टबात पाणी असतं तर?"

"हळू बोला, उठेल ती," तरंगराव म्हणाले.

साडूंनी दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने केलं. घरातल्या विजेला दिव्यांपासून पक्कं वेगळं ठेवणारा नवा डबा बाहेर बसवला, वीज जरा जरी वाट चुकली तर क्षणात सगळं तोडणारा स्विच लावला, यंत्र लावून पुन्हा पुन्हा तपासलं. मगच टबात पाणी सोडायला परवानगी मिळाली. तरंगरावांनी तारे लावले, ऊन पाणी भरलं, सिस्टरला आत पाठवलं आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसले.

खूप वेळाने ती बाहेर आली. चेहरा असा निवांत, की तरंगरावांना तिला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवला.

"टब राहू दे," ती म्हणाली.

"खरंच?" तरंगरावांचा आनंद गगनात मावेना. "आणि तारे? तारे कसे वाटले?"

"कसले तारे? मी तर आत गेल्या गेल्या डोळे मिटले, ते आत्ता उघडले." तिने आत डोकावून वर पाहिलं. "अगंबाई, हे इतका वेळ चालूच होते? बंद करा आधी! उगाच वीज जळते!"