दोन कप चहाचा गंज

सांगून ठेवतो, भांड्यांतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या नागपुरात कोणाला कळत नाही! हे ज्ञान मी एका बुधवारी, चक्क ऑफिसात रजा टाकून मिळवलं. कारणही तसंच होतं. बायको परत आणायची होती.

रुसून नव्हती गेली हो! गोपिका हैदराबादला गेली ती आमच्या लेकीच्या, भूमिकाच्या बाळंतपणाला. दोन महिने म्हणून गेली, आठ झाले. माझ्या नोकरीचं अजून वर्ष बाकी, म्हणून मी इकडे. सकाळी उठायचं आणि गॅसवर चहाचा गंज ठेवायचा. गंज म्हणजे आमचं अल्युमिनियमचं पातेलं, लग्नानंतरचं पहिलं. त्याला मध्यावर एक पोचा आहे. पोच्यापर्यंत पाणी ओतलं की बरोबर दोन कप चहा! एक मी पितो, दुसरा तिच्या जागेवर ठेवतो, आणि ऑफिसला निघताना तोही पितो, थंडगार.

एकदा न राहवून फोनवर विचारलं, "गोपिका, कधी येऊन राहिली वं?"

मध्येच भूमिका कडाडली, "बाबा, आईला मी त्या किचनमध्ये पाठवणार नाही! अल्युमिनियम, खरवडलेला नॉनस्टिक तवा, प्लास्टिकच्या प्लेटा! सगळं टॉक्सिक! कोटिंगवालं एकही भांडं घरात नको!"

अस्सं! म्हणजे माझ्या आणि बायकोच्या मध्ये फक्त भांडी उभी होती!

बुधवारी सगळी भांडी पोत्यात भरली आणि इतवारीत नत्थूजींच्या दुकानात मोडीत घातली. बदल्यात लोखंडी तवा, स्टीलची ताटं-पातेली, आणि सोन्यासारखं झळाळणारं एक पितळी पातेलं!

"साहेब, पितळेले कल्हई करून घ्या," नत्थूजी म्हणाले. "कोपऱ्यावरच बसते कल्हईवाला."

"कल्हई म्हणजे वरून दिलेला थरच ना?"

"हो, आतून कथलाचा थर..."

"म्हणजे कोटिंग!" मी बोट नाचवलं. "मले उल्लू समजता का जी? कोटिंगवालं एकही भांडं नको!"

नत्थूजींनी हात जोडले. मग पातेलं कागदात गुंडाळलं.

त्या पातेल्यात पहिला मान कढीला. आंबट ताकाची, गोपिका करते तशी. रंग जरा हिरवट आला. मला वाटलं, कोथिंबीर! दोन वाट्या ओरपल्या आणि अर्ध्या तासात कढी, पोळी, सकाळचे दोन्ही कप चहा, सगळं बाहेर!

आवाज ऐकून शेजारच्या तुळसाबाई धावत आल्या. त्यांनी पाहिलं काय? मांडणी रिकामी, भांडी गायब, ओट्यावर काहीतरी हिरवं आणि भाऊजी बेसिनवर आडवे. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"गोपिका, लवकर ये वं! तुह्या आठवणीत भाऊजींनं घरातलं सारं विकून टाकलं अन् कायतरी हिरवं पिऊन पडले!"

गुरुवारी सकाळच्या विमानाने गोपिका दारात! मी पलंगावर लिंबूपाणी पीत होतो. आठ महिन्यांनी तिला समोर पाहिलं आणि मला चक्क रडू आलं.

"काय करून राहिले तुम्ही हे? जीव टांगून होता माहा!"

"काही नाही वं, कढी कळकली. तू आली ना, झालं!"

तिने पितळी पातेल्यात डोकावून पाहिलं. "बिना कल्हईच्या पितळेत ताक? बापा बापा!" मग तिची नजर गॅसवर गेली. "अन् माहा चहाचा गंज?"

"मोडीत दिला."

तिने पायातून काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. "उठा. इतवारीत चला."

नत्थूजींच्या गोदामात जुन्या भांड्यांचा ढीग होता. प्रवासाच्या साडीतच ती त्यात शिरली. अर्ध्या तासाने गंज सापडला. पदराने पुसत तिने पोच्यावरून बोट फिरवलं.

"भूमिकाकडे मापाचे कप आहेत," ती म्हणाली, "पण माहा चहाच जमत नाही तिथं. आपल्या दोघांचा होते तसा होतच नाही."

मी नत्थूजींना गंजाचे पैसे चुकते केले.

घरी तिने पाणी गंजात मोजलं आणि चहा स्टीलच्या पातेल्यात उकळला. लेकीचाही मान राखला! दोन कप झाले, दोघंही प्यायलो. दुसरा कपही गरमच असतो, हे मी विसरलो होतो.

"आता राहतं ना?" मी विचारलं.

"रविवारचं तिकीट आहे. सोमवारपासून भूमिकाची ड्यूटी, पोराजवळ कोण राहीन? दिवाळीले येतो आम्ही."

रविवारी बॅग भरताना तिने गंज साडीत गुंडाळून आत ठेवला.

"अवं, तो काहून नेतं? अल्युमिनियम आहे! भूमिका चिडीन!"

"चहा थोडीच उकळणार आहे त्यात? मापाले लागते."

तर मंडळी, आता माझ्या घरात एकही विषारी भांडं नाही. पितळेला कल्हईसुद्धा करून घेतली. फक्त माप तेवढं गेलं. सकाळी पाणी आपलं अंदाजाने ओततो.

तरी चहा दोनच कप होतो हो, काय करू!