क्रियापदाची चूक

घराला कुलूप लावून कानामात्रा वळले, तर समोरच्या दारात समोरची उभी. हातात ओलं फडकं.

"काका, बाहेर?"

"जातो," कानामात्रा म्हणाले आणि जिना उतरू लागले.

झालं ते एवढंच. पण तेवढ्यावरून दुपारपर्यंत त्यांच्या घराला दार उरलं नाही, आणि बिल्डिंगच्या लेखी ते स्वतःही उरले नाहीत.

कानामात्रा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासून त्यांनी ते कमावलं होतं. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ते खिशातलं लाल पेन काढून वाचत. बायकोनं माहेरून पाठवलेली पत्रं ते दुरुस्त करून परत पाठवत, असं लोक म्हणत. कानामात्रांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते त्यांनी फक्त स्वल्पविराम घातले होते.

समोरचं बिऱ्हाड आलं त्याला अकरा वर्षं झाली. नवरा सुतार. दोन्ही बिऱ्हाडांचा मुलूख वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळा, 'हो' म्हणायला मान हलवायची तऱ्हाही वेगळी. पहिल्याच दिवशी काकू, म्हणजे कानामात्रांची बायको, त्यांना झाडू द्यायला गेली आणि निघताना "येते हं" म्हणाली. समोरचीनं लगेच चहा टाकला आणि दार उघडं ठेवून वाट बघत बसली. तासाभरानं येऊन तिनं विचारलं, "येते बोलला, आला नाही?" काकू हसून हसून बेजार झाली, गेली, चहा प्यायली आणि उठताना सवयीनं पुन्हा म्हणाली, "येते." पुन्हा चहा! तिसऱ्या दिवशी कुठे उलगडा झाला. तोवर मैत्री इतकी पक्की झाली होती की उलगड्याचा काही उपयोग नव्हता.

"जाते म्हणू नये गं," काकूनं तिला समजावलं होतं. "जाते म्हणणारं माणूस परत येत नसतं."

आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यात न्यायला दोन माणसांनी काकूला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली नेलं. वळणावर तिनं दोन्ही दारांकडे बघून हात हलवला. "येते हं," म्हणाली. आली नाही.

इतकी मोठी चूक कानामात्रांच्या नजरेखालून कधी गेली नव्हती. तेव्हापासून त्यांनी तो शब्द टाकला. खरं तर बरेचसे शब्द टाकले. समोरून झाकलेली वाटी यायची; ती धुऊन, रिकामी, समोरच्या उंबऱ्यावर ठेवून ते दार लावून घ्यायचे. तपासलेलं प्रूफ परत करावं तसं, शेऱ्याशिवाय.

आणि आज त्यांच्या पिशवीत गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धनिवासाचा अर्ज होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? जाणाऱ्यानं 'जातो' म्हणावं, हे व्याकरणाला धरून होतं. म्हणून म्हणाले.

वृद्धनिवासाच्या पाटीवर 'वृध्द' लिहिलं होतं. कानामात्रा फाटकातच थबकले. ज्यांना वृद्ध लिहिता येत नाही ते वृद्ध सांभाळणार कसे? पण घरी परतण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आत गेले. अर्ज भरायला बसले आणि हात आवरेना. 'नांव', 'रहिवाशी', 'आशिर्वाद'... चौदा चुका निघाल्या.

व्यवस्थापकानं कागद दोन बोटांनी उचलला. "आजोबा, हा अर्ज आहे की अपघात?"

"दुरुस्त केलाय."

"उद्या या. कोरा घ्या. आणि लिहायला पेन आमचं."

अर्ज पिशवीत टाकून पडेल चेहऱ्यानं ते परतले, तर बिल्डिंगच्या फाटकाशी गर्दी आणि पोलिसाची मोटरसायकल. पाण्याचे जार पोचवणारा एकजण मान वर करून बघत होता.

"कोण गेलं हो?" कानामात्रांनी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे. सकाळी 'जातो' म्हणून निघून गेले म्हणे. आत चिठ्ठी सापडलीय."

"अरेरे. आजारी होते का?"

"काय की. पण खडूस होते म्हणतात."

हळहळत कानामात्रा जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिसऱ्यावर दोनच दारं आहेत, आणि सुतार काही म्हातारा नाही. ते क्षणभर पायरीवर बसले. आपण गेल्यावर काय होईल, याचा विचार त्यांनी आठ महिने केला होता. खडूस म्हणतील, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

वर त्यांचं दार जिन्यासमोर आडवं पडलं होतं. कुलूप शाबूत, दार जागेवर नाही! आत त्यांच्याच खुर्चीत बसून हवालदार त्यांचाच कागद वाचत होता. शेजारी सेक्रेटरी, सुतार आणि रडून डोळे सुजलेली समोरची.

"'गॅस बंद करणे. दूध उद्यापासून बंद. हिचे कपाट रिकामे करणे. झाडे समोरच्यांना देणे. समाप्त.'" हवालदारानं मान हलवली. "समाप्त लिहिलंय. आता आणखी काय हवं?"

"ते मी प्रत्येक यादीखाली लिहितो," दारातून, म्हणजे दार होतं तिथून, आवाज आला. "नाहीतर खाली कुणीही काहीही घुसडतं."

सेक्रेटरीच्या हातातला फोन पडला. हवालदार उठला. "तुम्ही कोण?"

"मयत," कानामात्रा म्हणाले.

मग जो गोंधळ झाला तो ओसरायला वेळ लागला. हवालदार सुतारावर उखडला. "एका 'जातो'वरून दार फोडलंत?"

"फोडला नाही," सुतार खाली मान घालून म्हणाला. "काढला. घाईत चौकट मोडला. काका, मी नवा करतो. दहा दिवस."

"पण तुम्हाला ही अक्कल कुणी शिकवली?" कानामात्रांचा आवाज चिरकला. "'येतो' म्हटलं की माणूस येतं, हे कुणी सांगितलं? ती 'येते' म्हणूनच गेली ना? आली?"

समोरचीनं पदरानं नाही, त्या ओल्या फडक्यानंच डोळे पुसले.

"काकू आला नाही," ती म्हणाली. "पण काकू 'जाते' नाही बोलला. दुखत होता, तरी नाही बोलला. तुम्ही बोलला."

वाक्यात चुकाच चुका होत्या. लाल पेन खिशात होतं. कानामात्रांनी ते काढलं नाही. त्यांना एकाएकी काकूची फार आठवण आली. ते खुर्चीत बसले आणि पिशवी घसरून अर्ज बाहेर आला.

हवालदारानं तो उचलून वाचला. त्याचा आवाज उतरला. "म्हणजे बाईंचं चुकलं नव्हतं. तुम्ही जाणारच होता."

सुतारानं टेप काढला आणि चौकटीचं माप घ्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या जागी लावलेली चादर सारून कानामात्रा बाहेर आले. हातात पिशवी. समोरची आणि सुतार दोघंही दारात उभे, जणू निकाल लागायचा होता.

"काका, बाहेर?"

कानामात्रा बराच वेळ विचारात पडले. प्रुफाच्या एकाही ओळीवर ते इतके थांबले नव्हते.

"जाऊन येतो," अखेर ते म्हणाले.

"किती वाजता?"

हा प्रश्न आठ महिन्यांत त्यांना कुणी विचारला नव्हता. "साडेबारा," ते बोलून गेले.

स्टॉपवर उभं राहून त्यांनी हिशेब केला. जायला दोन बस, यायला दोन बस. साडेबाराला परत येणं शक्यच नव्हतं. बस आली, थांबली, गेली. दुसरीही गेली. मग कानामात्रा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि चांगल्या जाड पितळी बिजागऱ्या निवडून घेतल्या.

त्यांनी समोरचं दार वाजवलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. समोरची त्यांच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघून करवादली, "काका, साडेबारा बोलला! चहा नाही झाली!"

"चूक झाली," कानामात्रा म्हणाले, आणि उंबऱ्यावरच चहाची वाट बघत बसले.