पदराआडचा कॅमेरा

"ते काय गं अंगावर? चामडं हाय का?"

मंगल कार्यालयाच्या दारातच सुभद्राबाईंनी मृदुलाला अडवलं. सुभद्राबाई म्हणजे नवरीची आजी. नजर अधू झालेली. पण जे बघायचं नसतं तेवढं त्यांना स्वच्छ दिसायचं. मृदुलाच्या दोन्ही खांद्यांवरून चामड्याचे पट्टे खाली आले होते आणि दोन्ही कुशींना एकेक कॅमेरा लोंबत होता. एकाला जवळची लेन्स, एकाला लांबची. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना असंच हिंडावं लागतं. लेन्स बदलत बसलं तर तोवर नवरानवरी हार घालून मोकळे होतात, आणि पुन्हा घाला म्हणायची सोय नसते.

"हो आजी, पट्टे आहेत. कॅमेरे अडकवायला."

"बाईमाणसानं चामडं घालून देवाबामनाम्होरं फिरायचं व्हय? आत गौरीहार मांडलाय, होम हाय. काढ ते."

तेवढ्यात व्हिडिओवाला प्रितम आत शिरला. त्याच्या खांद्यावरचे पट्टे मृदुलाच्या पट्ट्यांपेक्षा दुप्पट रुंद होते, शिवाय कमरेला चामड्याचं पाकीट. सुभद्राबाईंनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "ये रं बाबा. च्या घेतला का?"

मृदुला देवाधर्माची होती. सोमवार धरायची, आजही सोमवारच होता. आजीचं म्हणणं तिला पटलंही असतं. पण प्रितमकडे बघितल्यावर पटेना. तरी तिनं हात पट्ट्यांच्या बकलाकडे नेला. नवरीच्या आईनं, सुमनताईंनी, कालच सांगितलं होतं, "मोठीचं लग्न नीट पार पाड. मार्गशीर्षात धाकटीचं, सुखदाचं आहे. तेही तुझंच."

ते लग्न मिळणं फार गरजेचं होतं. तळेगावातला तिचा फोटो स्टुडिओचा गाळा त्यावर तग धरून होता. लग्नघरात बायका आधी तिला चहा द्यायच्या आणि मग विचारायच्या, "मुलं किती तुला?" लग्नाला बारा वर्षं होऊनही मूल नाही म्हटलं की आवाज एकदम मऊ व्हायचे. "तू जरा लांबून काढ हं फोटो. मनात काही आणू नकोस." ताथवड्याच्या एका लग्नात तर नवरीच्या ओटीच्या वेळी तिला थेट आइस्क्रीमच्या काउंटरपाशी उभं केलं होतं. लांबून काढलेले फोटो लांबचेच येतात, आणि तसे फोटो पाहून पुढचं लग्न कुणी देत नाही. नवरा, सलिल, चाकणच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणायचा, "सोड ना हे. कशाला मान खाली घालून घेतेस?" मान खाली घालायला तिची ना नव्हती, गाळा तेवढा बंद करायचा नव्हता.

तिनं पट्टे काढून बॅगेत टाकले. बॅटऱ्या ठेवायचा कमरेचा पट्टाही चामड्याचाच, तोही गेला. आता दोन कॅमेरे आणि हात दोनच. स्कूटीवरून येताना कॅमेऱ्यांना धक्का बसू नये म्हणून ती एक जुनी सुती साडी गुंडाळून आणायची. त्या साडीची तिनं झोळी केली, लांब लेन्सचा कॅमेरा तिच्यात ठेवून झोळी पोटाशी घट्ट बांधली आणि हळद-अक्षता उडू नयेत म्हणून वरून पदर घेतला. एक कॅमेरा हातात, एक पदराआड.

गौरीहारापुढे नवरी, स्वरूपा, बसली होती. मृदुलानं लेन्सचं झाकण दातात धरलं आणि मांडवातल्या प्रितमला पंजा दाखवला, म्हणजे पाच मिनिटं थांब. बाजूला बसलेल्या सुभद्राबाई मघापासून तिच्या पदराकडे बघत होत्या.

"कितवा गं?" त्यांनी विचारलं.

मृदुलाचा पंजा अजून वरच होता. तोंडात झाकण.

"पाचवा! अगं सुमन, हिला पाचवा हाय! आन् ही बिचारी धोंड्यावानी ओझं घेऊन फिरतीय!"

झाकण तोंडातून निघेपर्यंत बातमी जेवणघरापर्यंत पोचली होती.

"नाही हो आजी, तसं काही..."

"लाजती कशाला? चांगलं काम हाय."

आणि मग ज्या बायकांनी एरवी तिला कोपरानं मागे सारलं असतं त्यांनीच वाट करून दिली. "सरका गं, तिला पुढे येऊ दे. ये, अशी नवरीच्या शेजारी ये. हवेला बस." मृदुला गौरीहाराच्या इतक्या जवळ बसली की हळदीच्या बोटांच्या रेषासुद्धा दिसत होत्या. तिनं फोटो काढले. असे फोटो तिला कधी काढताच आले नव्हते. नाही म्हणायचं तर आता, असं तिच्या मनात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा बोट बटणावरच राहिलं. खोटं आपण बोललो नाही, असं तिनं महादेवाला मनातल्या मनात सांगितलं. आणि पुढचा फोटो घेतला.

सुमनताईंनी तिच्यासमोर शिऱ्याची वाटी धरली.

"सोमवार आहे माझा."

"अशा दिवसांत कसले उपास? दोन जिवांची तू. आणि ही बॅग कुणाची? तुझी? वेडी आहेस का, हे उचलतेस?" सुमनताईंनी बॅग उचलली, स्वतःच वाकल्या, "बाई गं!" म्हणाल्या आणि वधूपक्षाच्या खोलीत ठेवून कुलूप लावून आल्या. किल्ली कमरेला. मृदुला मागोमाग निघाली, तर चार बायकांनी तिला खुर्चीवर बसवून सुभद्राबाईंच्या हातून तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. बारा वर्षांत अशी ओटी तिच्या पदरात पडली नव्हती. पदर आधीच भरलेला असल्यानं नारळ कॅमेऱ्यावर जाऊन आदळला आणि आतून 'टक्' असा आवाज आला.

"लाथ मारली बघ!" सुभद्राबाई म्हणाल्या.

मृदुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं, आनंदाचं. लेन्सला तडा गेला की काय, हे तिला पदर वर करून बघताही येईना.

ओटी भरून झाल्यावर सुमनताई तिच्या कानाशी आल्या. "हे बघ, मार्गशीर्षात तुझ्या मांडीवर तान्हं असेल. त्या गर्दीत तुला कशाला धक्काबुक्की? मी प्रितमला सांगून टाकलं. फोटो, व्हिडिओ दोन्ही तोच बघेल. तू निवांत रहा."

"अहो ताई, मी येईन ना!"

"गप गं. आम्हाला काय मन नाही?"

मूल नाही म्हणून कामं गेली होती, ते एकवेळ ओळखीचं दुःख होतं. आता मूल आहे म्हणून काम गेलं होतं. खरं सांगून टाकावं म्हणून ती तोंड उघडते न उघडते तोच गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला.

तिला बोहल्यासमोर अगदी पहिल्या रांगेत जागा मिळाली. मंगलाष्टका सुरू झाल्या. शेवटच्या कडव्याला तिच्या हातातल्या कॅमेऱ्यानं मान टाकली. बॅटरी संपली. दुसरी बॅटरी पट्ट्यात, पट्टा बॅगेत, बॅग खोलीत, किल्ली सुमनताईंच्या कमरेला, आणि सुमनताई डोळे पुसत बोहल्यावर. अंतरपाट हलायला लागला होता. लेकीच्या लग्नातला अंतरपाट दूर होतानाचा फोटो नसला, तर मार्गशीर्षच काय, पुढचे सगळेच महिने गेले.

मृदुलानं महादेवाचं नाव घेतलं आणि पदराखाली हात घातला. गाठ घट्ट बसली होती. ती ओढायला लागली.

"काय होतंय गं तुला?" शेजारची बाई किंचाळली. "अहो, हिला बघा! दुखायला लागलं हिला!"

"पाचव्यातच?" सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या. "पानी आना! सोडा हिला, वारं येऊ द्या!"

"सावधान!" गुरुजी म्हणाले. वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या, अंतरपाट बाजूला झाला, त्याच क्षणी गाठ सुटली आणि मृदुलानं पोटातून काळाभोर, हातभर लेन्सचा कॅमेरा बाहेर काढून डोळ्याला लावला. खटाखट, खटाखट.

वाजंत्री थांबली. तांदूळ हातात धरून सगळा मांडव तिच्या सपाट पोटाकडे बघत होता.

फोटो आला होता. लेन्सही शाबूत होती. सुमनताईंनी तो कॅमेऱ्यावर मोठा करून पाहिला. फोटोत नवरानवरी एकमेकांकडे बघत नव्हते. स्वरूपा, नवरदेव समर्थ, गुरुजी आणि मागची आख्खी रांग डोळे फाडून थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. सुभद्राबाईंचा हात कपाळावर होता.

"आम्ही तुझी ओटी भरली," सुमनताई म्हणाल्या.

"मी सांगत होते हो ताई. ऐकलं कुणी?"

"म्हणजे काहीच नाही?"

"कॅमेरा होता."

"आधीची मुलं किती?"

मृदुला लेन्सचं झाकण चाचपू लागली. ते उत्तर बायकांना न देताच कळतं. सुमनताईंचा आवाज मऊ झाला. "असू दे. तुझा काय दोष? पण सुखदाचं प्रितमलाच राहू दे हं. शुभकार्य आहे. मनात काही आणू नकोस."

मृदुलाचा दिवसभर गिळलेला राग एकदाचा वर आला. तरी आवाज तिचा हळूच निघाला. "प्रितमला मुलं किती, ते विचारलं का तुम्ही?"

सगळ्या बायका प्रितमकडे वळल्या. तो जिलबी खात होता.

"मला?" तो गडबडला. "नाहीत ओ काकू. लग्नच नाही झालं अजून. चाळिशी आली राव, कोण पोरगी देईना."

 आता बसला हिशेब, असं मृदुलाला वाटलं.

"अरे देवा!" सुमनताईंनी छातीला हात लावला. "एवढा कामसू मुलगा आणि लग्नाचा राहिला?" त्या सासूकडे वळल्या. "आत्या, आपल्या चिखलीच्या ज्ञानदेवांची पोर आहे ना?"

"हाय की!" सुभद्राबाईंचा चेहरा उजळला. "आजच फोटू धाडू. बस बाबा, आनखी जिलबी घे."

प्रितमला खुर्ची आली, केसांवरून कुणाचा तरी कंगवा फिरला, कपाळाला गंध लागलं. बायकांनी त्याच्याभोवती कडं केलं. मृदुला त्या कड्याबाहेर कॅमेरा घेऊन उभी होती.

सुमनताईंनी मान वळवून तिला बोलावलं. "मृदुला, तिकडे काय उभी राहिलीस? ये, याचा एक छानसा फोटो काढ. आणि लांबून नको गं बाई. अगदी जवळून काढ."